लोकप्रिय चित्रपटांचे जतन आणि रसिकांची बाडे

संगमनेर हे गाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रामुख्याने अनंत फंदीचे गाव म्हणून ओळखले जाते. इ. स. १७४४ ते १८१९ हा या शाहिराचा काळ होय. पेशवाईच्या उत्तरार्धात त्याच्या लावण्या, पोवाडे आणि फटके महाराष्ट्रात गाजले. पुढे तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला व त्यास अहिल्याबाई होळकरांचा उपदेश कारण झाला, अशी आख्यायिका आहे. एवढ्या लोकप्रिय कवीची आज उपलब्ध असलेली रचना मात्र थोडकीच आहे. आणि जी आहे ती कोणत्याही सरकारी दप्तरामुळे उरलेली नाही. दरबारी दप्तरात शाहिराच्या बिदागीची नोंद सापडणे शक्य असते, त्याचे कवन तेथे असण्याचे कारण नसते. कवने उरली ती गाणाऱ्यांच्या मुखी आणि हौशी माणसांनी स्वतःकरिता उतरून ठेवलेल्या बाडांत. हॅरी ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली सुमारे साठ ऐतिहासिक पोवाडे छापून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचा आधार हाच होता. लोकप्रिय कलेचे जतन प्रथम तिचे चाहते करतात आणि विद्वान मागाहून येतात, हा क्रम मराठीत जुना आहे.

हा क्रम येथे सांगण्याचे कारण असे की, चित्रपटाच्या बाबतीत आज त्याचीच पुनरावृत्ती होत आहे. गेल्या शतकातील सर्वांत लोकप्रिय कला चित्रपट ही होती, याविषयी दुमत होण्याचा संभव नाही. तिच्या जतनाचा विचार मात्र बहुधा एकाच अंगाने केला जातो, तो म्हणजे रिळांचे जतन. चित्रपट कोठे, कोणी, कशा रीतीने पाहिला. त्यातील गाणे पडद्यावरून उतरून कोठे गेले. तालुक्याच्या गावी त्याचे काय झाले, हे प्रश्न रीळ जपल्याने सुटत नाहीत. त्यांची साधने वेगळी आहेत, आणि ती बहुतांशी रसिकांच्या खासगी संग्रहांत व अलीकडे आंतरजालावरील संग्रहांत विखुरलेली आहेत. या साधनांचे मोल काय व त्यांच्यावर भरवसा किती ठेवावा, याचा विचार संगमनेरसारखे एक गाव समोर ठेवून करणे उपयुक्त ठरेल.

रिळांची कथा थोडक्यात सांगता येते. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी आज जेमतेम तीस, आणि तेही पुष्कळसे तुटक अवस्थेत, उपलब्ध आहेत. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, उष्ण हवेत कुजे, आणि निरुपयोगी ठरलेल्या प्रती तीतील चांदीकरिता वितळविल्या जात. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) संपूर्ण नष्ट झाला. पुढल्याच वर्षी ‘प्रभात’ने काढलेला ‘अयोध्येचा राजा’ सुदैवाने टिकला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबीयांकडून ‘कालिया मर्दन’ची रिळे मिळवून ती जोडली, तेव्हा हा संग्रह खऱ्या अर्थाने उभा राहू लागला. नायर हे मूळचे चित्रपटवेडे. बालपणी चित्रपटगृहाची तिकिटे जपून ठेवणारे. देशाच्या अधिकृत संग्रहालयाचा पाया अशा एका चाहत्याच्या सवयीवर घातला गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या साठ्यास आग लागून मोठी हानी झाली. पुढे २०१४-१५ च्या सुमारास केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान हाती घेऊन त्याकरिता ५९७ कोटी रुपयांची तरतूद केली, आणि चित्रपटांचे डिजिटल रूपांतर मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. हे कार्य मोलाचे आहे. परंतु त्याची दृष्टी चित्रपटाच्या देहावर आहे, आणि असणारच.

चित्रपटाच्या दुसऱ्या आयुष्याचे उदाहरण म्हणून अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) घ्यावा. व्यंकटेश माडगूळकरांची पटकथा, ग. दि. माडगूळकरांची गीते, वसंत पवारांचे संगीत, हंसा वाडकर व जयश्री गडकर यांच्या भूमिका असा हा तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात एकशेतीसहून अधिक आठवडे, म्हणजे अडीच वर्षे चालला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात हा आकडा वारंवार उद्धृत होतो. परंतु हा आकडा पुण्याच्या एका चित्रपटगृहाचा आहे. त्याच चित्रपटाची एखादी प्रत शहरांतील खेळ आटोपून, ओरखडे पडलेल्या व जोड दिलेल्या अवस्थेत प्रवरेकाठच्या गावांतून फिरली असेल, तर तेथील प्रेक्षकाने पाहिलेला ‘सांगत्ये ऐका’ हा पुण्याच्या प्रेक्षकाने पाहिलेल्या चित्रपटाहून लांबीने, आवाजाने आणि अर्थानेही काहीसा निराळा होता, असेच म्हणावे लागेल.

अर्थानेही निराळा, असे म्हणण्यास कारण आहे. तमाशापटाची परंपरा ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) व ‘अमर भूपाळी’ (१९५१) यांपासून रूढ झाली. शहरी प्रेक्षकास हे चित्रपट एका लोप पावत चाललेल्या रंगेल काळाचे दर्शन घडवीत. संगमनेर व नारायणगाव या पुणे–नाशिक मार्गावरील गावांत मात्र तमाशा लोप पावलेला नव्हता. तो दर जत्रेस तंबू ठोकून उभा राहत होता. तुकाराम खेडकर व कांताबाई सातारकर यांच्या फडाचे नाव संगमनेरशी कायमचे जोडले गेले आहे. कांताबाईंचे निधन २०२१ साली संगमनेरलाच झाले, आणि त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांनी फडाची परंपरा पुढे चालविली. अशा गावी तमाशापट पाहणाऱ्याच्या मनात पडद्यावरील बोर्डाची तुलना गेल्या चैत्रात पाहिलेल्या खऱ्या बोर्डाशी होत असणार. पडद्यावरील नायिका खोटी पडते की खऱ्या कलावतीपेक्षा सरस ठरते, हा त्याचा प्रश्न होता. पुण्यामुंबईच्या समीक्षेत या प्रश्नाचा मागमूस आढळत नाही, कारण तो तेथे पडलाच नव्हता.

ही देवघेव एकेरी नव्हती. गण, गौळण, बतावणी आणि वग यांच्या चौकटीत बतावणीनंतर ‘रंगबाजी’ हा भाग रूढ झाला. रंगबाजीत गाजलेल्या मराठी-हिंदी चित्रपटगीतांवर नाच होतो. शहरी रसिकांनी यास तमाशाचा ऱ्हास म्हटले, आणि त्यात काही तथ्यही आहे. वगाचा वेळ रंगबाजीने खाल्ला हे खरे. तथापि चित्रपटाच्या इतिहासकाराच्या दृष्टीने रंगबाजी हे एक अपूर्व साधन आहे. कोणते गाणे फडाने उचलले, किती वर्षे धरून ठेवले, कोणत्या गाण्यास जत्रेतील प्रेक्षकांनी पुनःपुन्हा फर्माईश केली, यावरून चित्रपटाच्या लोकप्रियतेचे असे मापन होते की जे चित्रपटगृहाच्या उत्पन्नावरून होणार नाही. चित्रपटगृहाचा गल्ला सप्ताहाचा असतो. फडाची स्मृती दशकांची. प्रेक्षकांच्या आचारातही हेच दळणवळण दिसते. फडात कलावतीवर पैसे उधळण्याची दौलतजादाची रीत होती. आवडत्या गाण्यास पडद्यावर नाणी उधळणारा प्रेक्षक तीच रीत पडद्यासमोर पाळत होता. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ प्रदर्शित झाला तेव्हा नाणी, फुले आणि आरती या गोष्टी पडद्यासमोर झाल्याचे वर्णन सर्वत्र वाचावयास मिळते व त्यास भक्तीचा आविष्कार म्हटले जाते. महाराष्ट्रापुरते तरी त्यात फडाच्या जुन्या शिष्टाचाराचा अंश नसेल, असे खात्रीने कोण म्हणेल?

आता या दुसऱ्या आयुष्याची कागदोपत्री साधने कोणती, ते पाहू. तालुक्याच्या गावातील चित्रपटगृहात प्रत्येक खेळाच्या विक्रीचा रोजचा तक्ता भरला जाई, आणि वितरकाचा हिशेब त्यावरून होई. शासनाच्या बाजूने १९२३ च्या मुंबई कायद्यान्वये करमणूक कर वसूल होत असे. त्याची विवरणपत्रे, चित्रपटगृहांचे व फिरत्या तंबूंचे परवाने, तपासणीचे शेरे, असे कागद महसुली कचेऱ्यांत साठत. करमणुकीची मोजदाद रसिकतेने कोणी केली नाही. करापायी ती झाली, ही इतिहासकाराची दैवयोगाने झालेली सोय होय. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला, आणि ही विवरणपत्रे चालू कामाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरली. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. किरकोळ वर्गातील कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाचे, असा नियम आहे. अशा कागदांस वाङ्मयीन वा कलाविषयक मोल असू शकते, हे वर्गवारी करणाऱ्या कारकुनास कोणी सांगितलेले नसते.

फिरत्या सिनेमाची स्थिती याहूनही बिकट आहे. जत्रेच्या मैदानात ट्रकमधून येणारा तंबू, त्यातील प्रोजेक्टर, ध्वनिक्षेपकावरील हाळी, यांचा कागद फारसा मागे राहत नाही. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील अशा तंबूंसमवेत काही वर्षे फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखविला गेला. रिळांचे यंत्र जाऊन त्याच्या जागी संगणक येतो, तो संक्रमणाचा काळ त्यात नोंदला गेला आहे. कायमच्या चित्रपटगृहांत हे स्थित्यंतर थोडे आधी सुरू झाले होते. २००५ नंतर उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचविण्याची सोय लहान गावांस मिळू लागली. तेव्हापासून मुंबई आणि संगमनेर येथे एकच प्रत, एकाच दिवशी, सारख्याच स्वच्छतेने दिसू लागली. जुन्या प्रेक्षकाने अनुभवलेली ओरखड्यांची, उशिराची आणि उत्कंठेची सृष्टी त्याबरोबर मावळली.

येथे रसिकांच्या संग्रहांकडे वळावयाचे. त्यांत अग्रमान गाण्यांच्या चोपडीचा. चित्रपटगृहाबाहेर अल्प किमतीत मिळणाऱ्या या चार-आठ पानी चोपडीत कथेचा सारांश (तोही ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा’ अशा धाटणीने अर्धवट सोडलेला), नटनटींची नावे व गाणी असत. अनेक नष्ट झालेल्या चित्रपटांविषयी आज जे काही ठाऊक आहे ते अशा चोपड्या, जाहिराती आणि छायाचित्रे यांवरून. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी १९८० पासून खंडशः प्रसिद्ध केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हा कोणत्याही विद्यापीठाचा प्रकल्प नव्हता. तो एका श्रोत्याचा व्यासंग होता. मुंबईतील ध्वनिमुद्रिका-संग्राहकांनी १९९० मध्ये आपली संस्था काढली. मराठी गीतांच्या बाबतीत ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने कवी, संगीतकार, गायक, चित्रपट यांच्या नोंदींसह हजारो गीते एकत्र आणली आहेत. ही सर्व आधुनिक काळातील बाडेच आहेत. बाडाचे गुण त्यांत आहेत, तसे दोषही.

बाड लिहिणारा आपल्याला आवडले ते उतरून घेई. कोठून घेतले ते लिहीत नसे. आंतरजालावर रसिकांनी चढविलेल्या जुन्या चित्रपटांची गत हीच आहे. प्रत दूरदर्शनच्या प्रक्षेपणावरून घेतली, की चकतीवरून, की रिळावरून, याचा उल्लेख क्वचितच असतो. श्रेयनामावली कापलेली असते, वर्ष चुकलेले असते, एखादे गाणे गळालेले असते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची म्हणून जी दृश्ये सर्वत्र १९१३ च्या नावाने फिरतात, ती वस्तुतः १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, परंतु एकदा चुकीची तिथी पडलेली प्रत सहस्रवार उतरली गेली की ती चूकच परंपरा बनते. बखरींच्या बाबतीत मराठी इतिहाससंशोधकांनी जी सावधगिरी शतकापूर्वी शिकविली, ती येथे जशीच्या तशी लागू पडते.

सावधगिरीची साधने सुदैवाने अवघड नाहीत. चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रावर रिळांची संख्या आणि फिल्मची लांबी दिलेली असते. ३५ मिलिमीटर फिल्म सेकंदास २४ चित्रे या गतीने मिनिटास सुमारे २७.४ मीटर धावते. तेव्हा ४,००० मीटरचा चित्रपट सुमारे १४६ मिनिटांचा असला पाहिजे. उपलब्ध प्रत १२० मिनिटांची असेल तर सव्वीस मिनिटांचा मजकूर गेला, हे उघड आहे. ती १४० मिनिटांची असेल तर मात्र काहीही गेले नसणे शक्य आहे. भारतातील दूरचित्रवाणीची पद्धती सेकंदास २५ चित्रांची असल्याने, त्या मार्गाने उतरविलेली प्रत शेकडा चार वेगाने धावते आणि १४६ मिनिटांचा चित्रपट १४० मिनिटांत संपतो. अशा प्रतीत गाण्याची लय जलद होते आणि पट्टीही किंचित चढते. लावणीच्या लयीचा किंवा गायिकेच्या स्वराचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट न जाणता मोजमाप केले, तर त्याचा निष्कर्ष आशा भोसल्यांच्या गळ्याविषयी नसून प्रक्षेपणयंत्राविषयी होईल.

याउलट, संग्रहालयातील निर्दोष प्रतीत जे नसते ते या सदोष प्रतींत कधी कधी असते. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ घ्यावा. करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेल्या या चित्रपटाने मराठीतील उत्पन्नाचे सारे विक्रम मोडले. गावोगावी जादा खेळ लावावे लागले. चित्रपटगृहात उठून नाचणाऱ्या प्रेक्षकांची दृश्ये त्यांच्याच हातातील दूरध्वनियंत्रांनी टिपली गेली. ‘सांगत्ये ऐका’च्या प्रेक्षकाविषयी आपण केवळ अनुमान करतो; ‘सैराट’चा प्रेक्षक स्वतःच पुरावा निर्माण करून गेला. जत्रेतील रंगबाजीची चित्रणेही आता अशीच आंतरजालावर येऊन पडतात. कोठे गाव लिहिलेले असते, कोठे फडाचे नाव, पुष्कळदा काहीच नसते. पण चित्रपटगीताचा ठेका फडाच्या ढोलकीने कसा बदलला, हे त्यांवरून प्रत्यक्ष ऐकता येते.

मात्र हा पुरावा टिकेल असे धरून चालणे भाबडेपणाचे होईल. भारतातील असंख्य चाहतामंडळे ज्या ‘ऑर्कुट’वर नांदली, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ‘याहू’च्या गटांतील साठलेला मजकूर २०१९-२० मध्ये पुसला गेला. खासगी कंपनीच्या जागेत ठेवलेला संग्रह हा भाड्याच्या घरातील देवघरासारखा असतो. घरमालकास देवाशी कर्तव्य नसते. डिजिटल वस्तूच्या जतनाचा खर्चही समजला जातो तसा कमी नाही. अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चित्रपटाची डिजिटल मूळ प्रत जपण्याचा वार्षिक खर्च फिल्मवरील प्रत जपण्याच्या सुमारे अकरा पट होता, कारण दर काही वर्षांनी ती नव्या माध्यमावर उतरवावी लागते. फिल्म थंड जागी ठेवून विसरता येते. तबकडी विसरता येत नाही.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. प्रत्येक चित्रपटाची एक प्रत जमा केलीच पाहिजे, अशी सर्वसाधारण सक्ती भारतात नाही; ग्रंथांच्या बाबतीत १९५४ पासून आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. त्यानुसार १९५९ सालच्या चित्रपटांवरील हक्क २०१९ च्या अखेरीस संपला. गीताच्या शब्दांचा हिशेब मात्र कवीच्या मृत्यूपासून होतो. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये वारले. त्यांच्या शब्दांवरील हक्काची मुदत २०३७ च्या अखेरीपर्यंत जाते. म्हणजे चित्रपट खुला आणि त्यातील गाणी बंद, अशी चमत्कारिक अवस्था अठरा वर्षे राहते. आणि तमाशापटातून गाणी वगळली तर उरते काय, हा प्रश्नच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्याजवळील कृतीची जतनाकरिता डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. गाण्यांच्या चोपड्या, भित्तिपत्रके, हस्तपत्रके यांच्याकरिता ही मुभा पुरेशी आहे. तालुक्याच्या वाचनालयासही तिचा लाभ घेता येईल, जर ती चोपडी त्याच्या कपाटात आधी आलेली असेल.

माणसांच्या आठवणींस मात्र कोणत्याही कलमाची आवश्यकता नाही. संगमनेर महाविद्यालय १९६१ साली सुरू झाले. त्या वर्षी प्रथम वर्गात अठराव्या वर्षी बसलेला विद्यार्थी आज ऐंशीच्या पुढे आहे. तमाशापटाच्या भरभराटीचा काळ आणि त्याचे तारुण्य एकच. कोणता चित्रपट गावात किती उशिरा आला, तो भिंतीच्या चित्रपटगृहात पाहिला की तंबूत, बायका कोठे बसत, त्याच गाण्यावर फडात कोण नाचे, हे त्यास विचारता येते. ध्वनिमुद्रणाबरोबर तिथी, स्थळ आणि सांगणाऱ्याचे वय एवढे तरी नोंदावे. आणि त्याच तालुक्यातील करमणूक कराची जुनी विवरणपत्रे शिल्लक असतील, तर सांगितलेले वर्ष त्यांच्याशी पडताळून पाहावे.